तीन गुंठ्यांचं कुंपण: वाघोलीच्या पुढच्या एका प्लॉटचं प्रकरण

पार्श्वभूमी

नगर रस्त्याने वाघोली ओलांडली की पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीतले प्लॉटिंगचे लेआउट सुरू होतात. त्यातल्याच एका मंजूर एनए (बिगरशेती) लेआउटमधला हा प्लॉट. 50 फूट रुंद, 65 फूट खोल, म्हणजे 3250 चौरस फूट. तीन गुंठे पुरे व्हायला 17 चौरस फूट कमी. मालक जोडपं हडपसरला फ्लॅटमध्ये राहतं. प्लॉट घेऊन दहा वर्षं झालीत आणि घर बांधायला अजून दोनेक वर्षं आहेत. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गट नंबर गाळले आहेत.

पूर्वेला लेआउटचा 9 मीटरचा अंतर्गत रस्ता. उत्तरेला शेजाऱ्याचं घर झालंय, त्याची 5 फूट उंच भिंत रस्त्यापासून 45 फूट आत येते आणि तिथेच थांबते. मागचे 20 फूट मोकळे. दक्षिणेचा प्लॉट रिकामा, मालक लातूरला. पश्चिमेला शेती आहे, बांधापलीकडे अण्णांचं वावर, त्यात कधी ज्वारी तर कधी ऊस.

कुंपणाचा विषय निघाला तो राडारोड्यामुळे. लेआउटमध्ये दोन-तीन बांधकामं सुरू झाली आणि रात्रीतून विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, प्लॅस्टरचा गाळ या रिकाम्या प्लॉटवर येऊन पडू लागला. नात्यातल्या एकाच्या ओळखीने प्रीकास्ट (तयार काँक्रीट फळ्यांच्या) कंपाऊंडवाला आला. त्याने पावलांनी प्लॉट मोजला आणि सांगितलं, "साहेब, दोन दिवसांत उभं करून देतो. मोजणीबिजणी नंतर, आधी ताबा महत्त्वाचा." दर बरा होता आणि ॲडव्हान्स मागितला होता तीस टक्के. तो द्यायच्या आदल्या आठवड्यात मालकांनी एका स्थापत्य सल्लागाराला जागा दाखवली आणि तिथून काम वेगळ्या वाटेने गेलं.

अडचण काय होती

जागेवर चार कोपऱ्यांपैकी तीनच दगड सापडले. वायव्येचा दगड जेसीबीने सपाटीकरण करताना गेला असावा. रस्त्याच्या बाजूला ईशान्य आणि आग्नेय दगडांमध्ये टेप लावला तर 50 ऐवजी 48 फूट 6 इंच भरले. दीड फूट गायब. घर उत्तरेच्या शेजाऱ्याचं झालेलं, भिंतही त्याचीच, तेव्हा संशय सरळ त्याच्यावर गेला. वकिलामार्फत नोटीस पाठवायचीही तयारी होती.

जमिनीचा उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, 65 फुटांत 3 फूट. रस्त्याचं आणि वरच्या प्लॉटांचं पाणी याच प्लॉटवरून अण्णांच्या वावरात उतरतं. त्यात पूर्वेला पायाखाली मुरूम लागतो, तर पश्चिमेला उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती. प्रीकास्टवाल्याच्या कोटेशनमध्ये मात्र सगळीकडे एकच ओळ होती: "खड्डा 2 फूट."

हद्द

नोटीस थांबली ती एका कर्णामुळे. 50 बाय 65 च्या काटकोनी प्लॉटचा कर्ण बरोबर 82 फूट येतो. ईशान्येच्या दगडापासून नैऋत्येच्या दगडापर्यंत टेप ताणला, तो 82 फूटच भरला. शेजाऱ्याने भिंत दीड फूट आत सरकवून ईशान्येचा दगडही सरकवला असता, तर हाच कर्ण 81 फूट 1 इंचाच्या आसपास आला असता. नैऋत्येचा दगड बांधाच्या मातीत अर्धा गाडलेला होता, कोणी हलवल्याची खूण नव्हती. म्हणजे ईशान्येचा दगड जागेवर आहे आणि हललाय तो आग्नेयेचा, आपल्याच दिशेने दीड फूट उत्तरेला. दक्षिणेची बाजू मोजून हे कळलं नसतं: दगड दीड फूट आडवा सरकला तरी 65 फुटांच्या लांबीत जेमतेम पाव इंचाचा फरक पडतो. चार बाजू मोजून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कर्ण मोजल्याशिवाय बाजूंच्या मापाला अर्थ नाही, आणि त्याला टेप, दोन माणसं आणि पंधरा मिनिटं एवढंच लागतं.

मग सरकारी मोजणी तरी कशाला? मालकांचाही हाच प्रश्न होता. टेपने आपली खात्री होते, लातूरच्या मालकाची होत नाही. शिवाय वायव्येचा दगड नव्हताच, आणि पुढे घराच्या नकाशालाही मोजणी नकाशा लागणार होता. सातबारा स्वतंत्र असल्यामुळे हद्द कायम मोजणीचा अर्ज थेट ई-मोजणीवरून हवेलीच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे करता आला. अर्ज जानेवारीत केला, तोही हिशेबाने. ज्वारी निघाल्यावर पश्चिमेचा बांध मोकळा होतो. उभ्या पिकात मोजणीदार आला तर बांधापर्यंत पोचणंच अवघड. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या आणि मार्चमध्ये भूकरमापकाने खुणा करून दिल्या. आग्नेयेची खूण जुन्या दगडापासून दीड फूट दक्षिणेला पडली. उत्तरेची भिंत तसूभरही बाहेर नव्हती. नोटीस गेली असती तर दोन वर्षांनी ज्याच्या भिंतीला भिंत लागणार, त्या शेजाऱ्याशी विनाकारण वैर आलं असतं.

खुणा झाल्या त्याच दिवशी प्रत्येक खुणेवर 1 फूट लांबीची सळई ठोकून भोवती काँक्रीट भरलं आणि चारही ठिकाणांचे फोटो, जवळच्या पक्क्या वस्तूपासूनच्या दोन-दोन अंतरांसह, ठेवले. चुन्याची फक्की आणि लाकडी खुंट्या पहिल्या ट्रॅक्टरखाली जातात. 'क' प्रत, म्हणजे मोजणी नकाशाची अधिकृत प्रत, हातात यायला पुढे काही आठवडे लागतात, तोवर खुणा टिकवणं मालकाचं काम.

लातूरच्या मालकांशी बोलणं आपल्या प्लॉटच्या मालकीणबाईंनी केलं. "दादा, मोजणीचा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवलाय. तुमचा माणूस येऊन खूण बघून जाऊ दे, मगच आम्ही खड्डे घेतो." त्यांचा भाचा येऊन बघून गेला आणि 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हद्द मान्य असल्याचं संमतीपत्र झालं. खर्चात निम्मा वाटा मात्र त्यांनी नाकारला. त्यामुळे खांब पूर्णपणे आपल्या हद्दीत घ्यायचे ठरलं, म्हणजे कुंपण कोणाचं हा वाद पुढेही उरत नाही.

इथे एक बारीक निर्णय होता. 1 फूट बाय 1 फूट खड्ड्याच्या मध्यावर खांब घेतला तर तो हद्दीपासून 6 इंच आत येतो आणि 65 फुटांत साडेबत्तीस चौरस फूट जागा कुंपणाबाहेर राहते. खांब खड्ड्याच्या बाहेरच्या कडेकडे सरकवून, हद्दीपासून 3 इंचांवर घेतला तर नुकसान निम्म्यावर येतं आणि काँक्रीटही हद्द ओलांडत नाही. जाळीच्या कुंपणाला वारा फारसा धरत नाही, त्यामुळे खांब असा एका कडेला चालतो. सलग भिंतीच्या किंवा प्रीकास्टच्या खांबाला हे करू नये.

रस्त्याच्या बाजूचा घोळ वेगळा. कुंपणाचं काम घेतलेल्या फॅब्रिकेटरने डांबराच्या मध्यापासून 15 फूट मोजून दोरी लावली होती. लेआउटचा रस्ता कागदावर 9 मीटरचा असला तरी डांबर मधोमध पडलंच आहे असं नाही. इथे ते पलीकडे सरकलेलं होतं. दोरी 2 फूट रस्त्यात गेली होती. मोजणीच्या दोन खुणांमधूनच दोरी घेतली आणि डांबराकडे बघितलंही नाही.

पाणी आणि माती

पाण्याचा हिशेब आधी. 3250 चौरस फूट म्हणजे 302 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटरची सर आली तर फक्त या प्लॉटवर तासाभरात 15 हजार लिटर पाणी पडतं. वरच्या प्लॉटांचं पाणी त्याहून वेगळं. पश्चिमेला बंद भिंत घातली की हे पाणी भिंतीच्या आत तुंबणार, काळी माती भिजून फुगणार आणि भिंत बाहेर झुकणार. पहिल्या कोटेशनमधली 6 फुटी प्रीकास्ट भिंत नेमकी तिथेच होती.

कायद्याचीही बाजू आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 7 मधल्या उदाहरणांनुसार वरच्या जमिनीचं नैसर्गिकरीत्या वाहणारं पाणी खालच्या जमिनीने येऊ द्यायचं असतं. तसं बघितलं तर अण्णांना अडवता आलं नसतं. पण त्यांनी अडवलंही नव्हतं. बांधावर बसून ते एवढंच म्हणाले, "साहेब, पाणी येतंय ते येऊ द्या, आमचं काही म्हणणं नाही. पण पाइप टाकून एका जागी सोडू नका, वावरात घळ पडंल." सल्लागाराच्या मूळ नकाशात नैऋत्येला 6 इंची पाइप होता. तो रद्द झाला. सगळी पश्चिम बाजू जाळीची, खाली 3 इंच मोकळी आणि जिथे पाण्याची नैसर्गिक वाट आहे तिथे बांधाकडे 2 फूट रुंद दगडी पिचिंग (माती वाहू नये म्हणून बसवलेले दगड), असं ठरलं.

मातीसाठी पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन चाचणी खड्डे मजुरांकडून घेतले. पूर्वेला 1 फुटावर मुरूम. मध्ये 2 फूट काळी, मग फिकट मुरूम. पश्चिमेला सव्वाचार फुटांवर मुरूम लागला. काळ्या मातीची फुगण्याची चाचणी लॅबमध्ये होते, पण ती समजायला सोपी आहे: 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली प्रत्येकी 10 ग्रॅम सुकी माती 100 मिलीच्या दोन नळ्यांत टाकायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची पातळी मिलीमध्ये वाचायची. इथे रॉकेलमध्ये 10 आणि पाण्यात 17 आली, म्हणजे फुगवटा 70 टक्के. पन्नासच्या वर गेलं की माती जास्त फुगणारी धरतात.

अशा मातीत 2 फुटी खड्ड्यातला खांब का हलतो, ते प्रत्येक फॅब्रिकेटरला माहीत असायला हवं आणि बहुतेकांना नसतं. वरचे दोन-तीन फूट पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. फुगताना माती काँक्रीटच्या कडांना धरून ते वर उचलते. आकसताना खाली भेग राहते, तिच्यात माती ढासळते आणि काँक्रीट परत जागेवर बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत खांब इंच-दोन इंच वर येतो, तोही एका बाजूला जास्त. खड्ड्याचं तोंड वर पसरट केलं असेल तर मातीला धरायला आणखी जागा मिळते. उपाय दोनच: काँक्रीटचा पाय मुरुमात टेकवायचा आणि वरच्या भागात मातीची पकड सुटी करायची.

कोणते पर्याय होते

काटेरी तार सगळ्यात स्वस्त. शेतात ती ठीक, पण राडारोडा टाकणाऱ्याला ती अडवत नाही आणि लेआउटमधली मुलं रस्त्यावर खेळतात. बाद.

प्रीकास्ट दिसायला कंपाऊंडसारखं दिसतं, म्हणून लोकांना आवडतं. 7 फूट लांब, 1 फूट उंच, 2 इंच जाड फळी साधारण 80 किलोची असते. 6 फूट उंचीला एका गाळ्यात, म्हणजे दोन खांबांच्या मधे, सहा फळ्या, म्हणजे जवळपास 480 किलो. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. कमी-जास्त करणारे गुणक सोडून ढोबळ हिशेब केला तरी 42 चौरस फुटांच्या गाळ्यावर साडेतीनशे किलोच्या आसपास आडवा जोर येतो. वळवाच्या वाऱ्यात खांब एकमेकांपासून इंचभर जरी फाकले तरी खाचेतली फळी निसटते. उताराचाही प्रश्न होता. प्रीकास्ट तिरकं बसत नाही, पायऱ्या घ्याव्या लागतात. दक्षिणेच्या बाजूला नऊ गाळे धरले तर प्रत्येक गाळ्याला 4 इंचांची पायरी आणि प्रत्येक फळीखाली तेवढी पाचर उघडी. तिथून माती वाहून जाते, कुत्री आत येतात. मुरुमावर, सपाट जागेत प्रीकास्टबद्दल आमची तक्रार नाही. ही जागा तशी नव्हती.

बांधीव भिंत काळ्या मातीत करायची तर नुसत्या खड्डा-पायावर चालत नाही. मुरुमापर्यंत पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब), त्यावर आरसीसी बीम आणि बीमखाली 2-3 इंच पोकळी, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून ढकलत नाही. मालकांना मनातून हीच भिंत हवी होती. पण घराचं बांधकाम दोन वर्षांवर, त्यात मिक्सर आणि खडीचे ट्रक आत येणार. आज भिंत बांधायची, उद्या ट्रकसाठी फोडायची आणि परवा पुन्हा जोडायची. नियमानुसार रस्त्याकडची बंद भिंत रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून 1.5 मीटर उंच घेता येते, आणि वरचे 0.9 मीटर आरपार दिसणारे असतील तर 2.4 मीटरपर्यंत. ती घराच्या नकाशाबरोबरच मंजुरीला टाकायची ठरली.

मेंदी किंवा करवंदाचं जिवंत कुंपण पहिली दोन वर्षं पाणी मागतं, आणि रोज पाणी घालायला तिथे कोणी नव्हतं.

राहिली चेन लिंक जाळी. आलेल्या कोटेशनांत जाळीचं काम 1 धरलं तर प्रीकास्ट अडीचपट आणि पाइलवरची भिंत आठपटीच्या पुढे होती. 5 फूट उंच जाळी, 50 बाय 50 मिमी घर, 10 गेज, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली). खांबांना 50 बाय 50 बाय 5 मिमी अँगल. तीन फुटांचा उतार 65 फुटांत जाळी सहज तिरकी होऊन घेते.

उत्तरेला शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आपलंही कुंपण करायचं का, यावर बराच खल झाला. भिंत त्याच्या हद्दीत, त्याच्या मालकीची. तिला माती टेकवायची नाही, अँगल ठोकायचे नाहीत, एवढं पाळलं तर 45 फूट नवीन कुंपणाची गरज नव्हती. मागचे 20 फूट तेवढे करायचे.

मालाचा हिशेब

कुंपणाची लांबी: पश्चिम 50, दक्षिण 65, उत्तर 20. पूर्वेला दक्षिणेकडून 30 फूट जाळी, साडेतीन फुटी लहान दरवाजा, 12 फुटी मोठं गेट आणि उरलेले साडेचार फूट पुन्हा जाळी. एकूण जाळी 169.5 फूट. पाच टक्के वाढीव धरून 178. 50 फुटी चार बंडल.

खांब 8 फुटांच्या आत एक, पण ठोकळ 8 फूट न घेता प्रत्येक बाजू समान भागांत वाटली: पश्चिमेला सात गाळे 7 फूट 2 इंचांचे, दक्षिणेला नऊ गाळे 7 फूट 3 इंचांचे, उत्तरेला तीन, पूर्वेच्या 30 फुटांत चार. शेवटी अडीच फुटांचा तुकडा उरत नाही. कोपऱ्यांचे खांब एकदाच मोजले तर 24 अँगल खांब, शिवाय गेटचे 3 जाड. कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी आणि उत्तरेच्या टोकाला एक, असे 7 तिरपे टेकू.

24 पैकी 14 खांब खोल मातीतले: पश्चिमेचे 8, उत्तरेचे 3 आणि दक्षिणेचे पश्चिमेकडचे 3. त्यांची लांबी 9 फूट 9 इंच. बाकीचे 10 खांब 7 फूट 3 इंचांचे. अँगल 6 मीटरच्या लांबीत येतो. त्यातून 9 फूट 9 इंचांचे बरोबर दोन निघतात आणि तुकडा जवळजवळ उरत नाही. 7 फूट 3 इंचांचे दोन काढले की 5 फुटांपेक्षा थोडा जास्त तुकडा राहतो, तो टेकूला बसतो. सात, पाच आणि उरलेल्या दोन टेकूंसाठी एक, अशा 13 लांब्या. मीटरला 3.8 किलो धरून सुमारे 300 किलो. अशी कापणी आधी कागदावर केली नाही तर तुकडे भंगारात जातात आणि बिल मात्र पूर्ण लांबीचं येतं.

काँक्रीट 1:2:4. खोल खड्डे 9 इंच व्यासाचे, साडेचार फूट. प्रत्येकी 2 घनफूट. उथळ खड्डे 1 बाय 1 बाय 2 फूट, तेही 2 घनफूट. गेटचे दीड बाय दीड बाय 3 फूट. टेकूंना प्रत्येकी 1 घनफूट. सगळं मिळून 75 घनफूट: सिमेंट 14 पोती, क्रश सँड एक तृतीयांश ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), 20 मिमी खडी दोन तृतीयांश ब्रास. पुरवठादार अर्ध्या ब्रासच्या आत बहुधा देत नाहीत, म्हणून सँड अर्धा ब्रास घेतली.

जाळी घेताना तारेची जाडी मोजायला व्हर्नियर लावावा. 10 गेजची तार 3.25 मिमी, 12 गेजची 2.64 मिमी. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण त्याच मापाच्या जाळीत 10 गेजला दीडपट लोखंड जातं. इथे एक बंडल 12 गेजचं निघालं आणि परत गेलं.

काम

एप्रिलच्या शेवटी सुरुवात झाली. आधी रस्त्याकडच्या खड्ड्यांच्या जागी कुदळीने हाताने 2 फूट उकरून पाहिलं. दीड फुटावर ग्रामपंचायतीची पाण्याची लाइन निघाली, नेमकी गेटच्या खांबाखाली. गेट 9 इंच सरकवलं आणि 30 फुटांचे गाळे तेवढेच वाढवून घेतले. मशिनने भोक मारलं असतं तर लेआउटचं पाणी बंद पडलं असतं. आग्नेयेला महावितरणच्या खांबाचा ताण (आधाराची तार) जवळून जातो. जाळी त्याला कुठेही टेकणार नाही अशी फूटभर मोकळी ठेवली. फॅब्रिकेटर त्याच खांबाला तार गुंडाळणार होता, "फुकटचा सपोर्ट आहे" म्हणून.

पश्चिमेचे खड्डे ऑगरने (गोल भोक पाडणाऱ्या गिरमिटाने), मुरुमात किमान 3 इंच घुसेपर्यंत. खड्ड्याच्या वरच्या 2 फुटांत जाड पॉलिथिनचे दोन थर कडेला लावून मग काँक्रीट ओतलं, म्हणजे माती फुगली तरी प्लॅस्टिकवरून घसरते. काँक्रीटचा माथा जमिनीपासून 2 इंच वर आणि चारी बाजूंना उतरता. अँगल गंजतो तो जमिनीच्या पातळीवर, पाणी साचतं तिथेच. आधी कोपऱ्याचे खांब ओळंब्यात उभे केले, त्यांच्यामध्ये वर-खाली दोन दोऱ्या आणि मग मधले. पाण्याच्या वाटेत खांब येऊ नये म्हणून नैऋत्येच्या कोपऱ्यापासूनचा दुसरा गाळा त्या वाटेवर मधोमध घेतला.

जाळी दुसऱ्याच दिवशी ताणायचा आग्रह होता. ओल्या काँक्रीटवर जाळी ताणली की कोपऱ्याचा खांब केसभर आत येतो, मग टेकू काही कामाचा राहत नाही. सात दिवस गोणपाट ओलं ठेवून क्युरिंग केलं. मग वर, मध्ये आणि खाली 8 गेजच्या तीन तारा टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ताणल्या, जाळीच्या टोकात 12 मिमी सळई ओवून ती चेनपुलीने ओढली आणि दर दीड फुटावर बांधली. बोल्टचे नट वेल्डिंगचा टॅक मारून बंद केले, कारण रिकाम्या प्लॉटवरचे टर्नबकल महिन्याभरात भंगारात जातात.

गेट 12 फुटी ठेवण्याचं कारण मिक्सर. गाडीची रुंदी अडीच मीटर असते, पण अरुंद डांबरावरून काटकोनात वळताना तिला त्याहून बरीच जास्त जागा लागते. दोन पाखं 6-6 फुटांची, आत उघडणारी. जमीन आत उतरती असल्याने पाखं घासत नाहीत. काम मेच्या मध्याला संपलं.

पहिल्या पावसानंतर

राडारोडा थांबला. खोल खड्ड्यांतले चौदाही खांब ओळंब्यात राहिले.

दक्षिणेचे दोन खांब, पश्चिमेकडून मोजले तर खोल खांबांच्या लगेच पुढचे, सप्टेंबरपर्यंत इंचाहून जास्त कलले. तिथे 2 फुटी खड्डा होता. मधल्या चाचणी खड्ड्यात 2 फुटांवर मुरूम दिसला म्हणून तिथून पुढे सगळे उथळ धरले होते. पण मुरुमाचा थर सरळ उतरत नाही, दक्षिणेच्या कडेला तो आणखी खाली होता. दिवाळीनंतर माती सुकल्यावर दोन्ही खांब काढून खोल बसवले. जाळी सोडणं, ताणणं, पुन्हा बांधणं यात गेलेली मजुरी चार जादा चाचणी खड्ड्यांहून जास्त होती.

दुसरी गडबड पाण्याच्या वाटेवर. जुलैत उसाचं पाचट, पिशव्या आणि तण जाळीला येऊन अडकलं आणि जाळीचीच भिंत झाली. गाळ्याला पोट आलं, खालच्या तारेची बांधणी तुटली, अण्णांच्या बाजूला मात्र काही नुकसान झालं नाही. त्या एका गाळ्यात आता जाळीचा खालचा दीड फूट कापून, वरच्या बाजूला कड्यांनी टांगलेली झडप केली आहे. पाण्याच्या जोराने ती बाहेर उघडते, कचरा निघून जातो आणि पाणी ओसरलं की परत लटकते. शेळ्यांना ती आतून-बाहेरून कळत नाही, असं निदान अजून तरी दिसतंय.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणी खड्डे प्लॉटच्या मध्यरेषेवर घेतले होते. कुंपण कडेने जातं, तेव्हा खड्डेही कडेनेच घ्यायला हवेत: दर 20 फुटांवर एक, आणि माती बदलते तिथे त्याहून जवळ. नाहीतर खड्डा मारताना मुरूम लागेपर्यंत जायचं असा करार फॅब्रिकेटरशी फुटाच्या दराने करावा. "खड्डा 2 फूट" या ओळीवर सही करू नये. झडप पहिल्या दिवसापासून ठेवता आली असती. उत्तरेच्या 20 फुटांबद्दल शेजाऱ्याशी आधी बोलणं झालं असतं तर त्याने भिंत पुढे वाढवून निम्मा खर्च घेतला असता, असं तो नंतर म्हणाला. ज्याच्यावर नोटीस निघणार होती त्याच्याशी त्या काळात बोलणंच बंद होतं.

एक मुद्दा अजून लटकलेला आहे. घराच्या नकाशात पश्चिमेलाही पक्की भिंत घ्यावी असं बाईंचं म्हणणं, वावरातून साप येतात म्हणून. साहेबांना जाळी ठेवायची आहे. भिंत घ्यायचीच तर ती पाइल आणि बीमवर, बीमखालची पोकळी दोन्ही बाजूंनी पातळ फरशीने झाकलेली, आणि पाण्याच्या वाटेवर किमान 5 फूट लोखंडी गजांचा उघडा भाग सोडून. गजांमधलं अंतर किती, यावर गाडी अडली आहे: साप अडवायचे तर अर्धा इंच, पाचट जाऊ द्यायचं तर 4 इंच.